वाटा आणि वजन

संगणकीय खेळ हीही एक संहिताच आहे, असे आम्ही मानतो. म्हणून तिच्या कर्त्याच्या मोबदल्याचा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना परका वाटू नये. 'स्टीम' या विक्रीमंचाची मालक कंपनी 'व्हॉल्व्ह' विक्रीतील 30 टक्के स्वतःकडे ठेवते. 2018 च्या नोव्हेंबरअखेर तिने नियम बदलला: एखाद्या खेळाची कमाई 1 कोटी डॉलरांपुढे गेली की त्यावरील रकमेवर 25 टक्के, 5 कोटींपुढे 20 टक्के. गाजलेले खेळ मंचाकडे गिऱ्हाईक आणतात, हे समर्थन खोटे नाही. परंतु मंच सोडून जाण्याची ताकद ज्याच्यापाशी, त्यालाच सवलत. आणि ज्याला दुसरा आधार नाही, त्या नवोदिताला पूर्ण दर! येथे श्रम नव्हे, वजन मोजले जाते. सवलत द्यायचीच, तर ती पहिल्या लाख डॉलरांवर द्यावी, असे आमचे मत आहे.