झोका : खेळ कीं उपचार ?

वर्गांत एखादें मूल एका जागीं बसत नाहीं. बांकावर सारखी चुळबुळ करितें, जिना उतरतांना भितें, रांगेंत शेजाऱ्यावर आदळतें. त्यास 'द्वाड' किंवा 'मठ्ठ' ही पदवी देऊन आपण मोकळे होतों. ती देण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, अशी वाचकांस आमची विनंति आहे.

पाळण्याच्या झोक्यानें रडतें मूल निवतें, हें आपल्या आजीबाईंस कोणी शिकविलें नव्हतें. त्याचें कारण मात्र शरीरशास्त्रांत सांपडतें. प्रत्येक कानाच्या आंत तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. डोकें वळलें कीं त्यांतील द्रवाच्या हालचालीनें मेंदूस वर्दी मिळते. आणि जवळच्या दोन पिशव्यांतील सूक्ष्म कण शरीराचा कल व सरळ गति कळवितात. या वार्तेचा डोळे, स्नायू व सांधे यांच्या वार्तेशीं मेळ बसला, म्हणजे देहाचा तोल राहतो. ज्यांच्या ठायीं हा मेळ नीट बसत नाहीं, त्यांस शिकणेंहि जड जातें, हा विचार अमेरिकेंतील व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन आयर्स यांनीं १९७२ सालच्या आपल्या ग्रंथांत सविस्तर मांडला. टांगलेला झोका हें त्यांच्या पद्धतीचें एक प्रमुख साधन होय.

येथें 'व्यवसाय' म्हणजे पोटाचा धंदा नव्हे. जेवणें, कपडे घालणें, लिहिणें, खेळणें, हेच बालकाचे व्यवसाय. म्हणून जाणती उपचारिका मुलास नुसतें झुलवीत नाहीं. एकास फळीच्या झोक्यावर पालथें निजवून खालचे चेंडू टोपलींत टाकावयास लावते. त्यानें मान व पाठ बळकट होते. दुसऱ्यास संथपणें पुढें-मागें झुलवून शांत करिते. गरगर फिरविणें मात्र जपूनच. आणि मूल 'पुरे' म्हणतांच झोका थांबतो.

परंतु झोका हा रामबाण आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१२ सालीं या पद्धतीचा पुरावा अपुरा असल्याचें आईबापांस स्पष्ट सांगावें, असा सल्ला दिला. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधील १३८ स्वमग्न मुलांच्या चांचणींतहि नेहमीच्या उपचारांहून अधिक गुण दिसून आला नाहीं. तेव्हां कांहीं आठवडे झुलल्यावर मुलाच्या हातीं घांस, बटण व लेखणी अधिक ठरूं लागली कीं नाहीं, हें पाहावें. नसल्यास उपाय बदलावा.

ही विद्या आपल्याकडे परकी नाहीं. मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत कमलाबाई निंबकर यांनीं १९५० सालीं तिची शाळा काढिली. शिक्षकांनीं छडीपूर्वीं अशा जाणत्यांचा सल्ला घ्यावा. आणि आमचें एक मागणें आहे : शिक्षा म्हणून कोणाचीहि मधली सुट्टी हिरावून घेऊं नये. ज्यास हालचालीची भूक सर्वांत अधिक, त्याचाच खेळ आपण प्रथम बंद करितों. उपाशी मुलाचें ताट काढून घेणें यास शिस्त कोण म्हणेल ?