छपरावरचा गडगडाट

शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर दोन तास सोसत नाही म्हणून आपण कुरकुरतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावर एका बाईने जवळजवळ चाळीस वर्षे संसार केला, तो चक्क रोलर कोस्टरच्या खाली!

त्या रोलर कोस्टरचे नाव थंडरबोल्ट. १९२५ साली जॉन मिलर या नामांकित तज्ज्ञाने त्याचा आराखडा केला. जागेवर १८९५ सालचे केन्सिंग्टन हॉटेल उभे होते. ते न पाडता मालकाने रूळ त्याच्यावरूनच नेले. लोखंडी खांब घरातूनच वर गेलेले, आणि त्यांवर लाकडी रूळ. साखळी डब्यांना ओढून पहिल्या उंचीवर नेई. तिथून पुढे इंजिन नाही की काही नाही. आपल्याच वजनाने डबे खाली झेपावत आणि त्याच जोरावर पुढचा चढ चढत. वर माणसांच्या किंकाळ्या, खाली बाईंचा स्वयंपाक! गाडी गेली की घर थरथरायचे. मांडणीवरच्या कपबश्यांचे काय होत असेल, हाच विचार माझ्या मनात आधी आला.

वुडी अ‍ॅलनने हे घर पाहिले आणि १९७७ च्या 'अ‍ॅनी हॉल' चित्रपटात नायकाचे बालपण इथेच दाखवले. प्रेक्षकांना वाटले, काय कल्पना आहे! कल्पना कसली, तिथे खरोखरच बिऱ्हाड होते.

१९८२ साली गाडी थांबली. पुढे बाईंनीही घर सोडले. वेली वाढल्या, लाकूड कुजले. नोव्हेंबर २००० मध्ये महापालिकेने ते धोकादायक ठरवून, मालकाची परवानगी न घेताच, जमीनदोस्त केले. २००३ साली कोर्टात ज्यूरीने सांगितले की पाडण्याला योग्य कारण नव्हते. पण आता काय उपयोग? कोर्टाकडून पैसे मिळतात, घर नाही मिळत.

त्याच किनाऱ्यावर १९२७ सालचा सायक्लोन मात्र आजही धावतो. रूळ त्याचेही लाकडीच. मत्स्यालयाच्या विस्तारासाठी १९७० नंतर त्याच्यावरही हातोडा पडणार होता. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून वाचला. १९८८ साली शहराने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. थंडरबोल्टच्या नावावर असा कागद कधी झालाच नाही, एवढाच काय तो फरक.

२०१४ साली तिथे थंडरबोल्ट नावाचाच नवा रोलर कोस्टर आला. तो पोलादी आहे, आणि त्याच्या खाली कुणी राहत नाही.