चालत्या घरास किती अश्वशक्ति हवी?

भंडारा जिल्ह्यांतील साकोली तालुक्यांतून एका एकत्र कुटुंबाच्या कर्त्या गृहस्थांचें पत्र आमच्यापुढें आहे. वृद्ध मातोश्रींची इच्छा अशी कीं, अंबेजोगाईची योगेश्वरी आणि गुहागरचा व्याडेश्वर ह्या दोन्ही कुलस्थानांचें दर्शन मुलानातवंडांसह एकदां तरी घडावें. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें त्यांना फार वेळ बसवत नाहीं, दर दोन-तीन तासांनीं आडवें व्हावें लागतें, आणि परक्या घरचें अन्न त्या घेत नाहींत. ह्यावर तोड म्हणून एक डिझेल बस घेऊन तींत स्वयंपाकाची जागा, शेज व न्हाणी करून घ्यावी, म्हणजे आठ माणसें सुखानें जातील, असें घरांत ठरलें आहे. बस दोन पाहिल्या आहेत. एकीचें एंजिन १०० अश्वशक्तीचें असून ती बरीच स्वस्त आहे. दुसरी १६० ची व महाग. सुतारलोहारकाम करणारा कारागीर म्हणतो, शंभर पुष्कळ झाली, ट्रक ह्याहून अधिक ओझें ओढतात. धाकटे बंधु म्हणतात, घ्यायची तर दोनशेच्या वरची घ्या. कोणाचें ऐकावें, असा प्रश्न आहे.

कारागिराचें म्हणणें खोटें नाहीं. टाटांच्या जुन्या ट्रकांच्या नांवांतच हा हिशेब लिहिलेला असे. १२१० म्हणजे भरल्या गाडीचें वजन अदमासें १२ टन व अश्वशक्ति १०० च्या सुमारास. १६१३ म्हणजे १६ टन व १३०. भागाकार केला तर टनामागें आठ अश्वशक्ति येते. तेवढ्या बळावर ह्या देशाचें धान्य, सिमेंट व लोखंड कित्येक वर्षें घाट चढत आलें आहे. परंतु तें कसें चढत आलें, हें ज्यांनीं अशा ट्रकामागें अडकून घाट काढला आहे त्यांना विचारावें. सिमेंटच्या पोत्याला उशीर झाल्याचें दुःख नसतें व मे महिन्याच्या उन्हाचा त्रास नसतो. मातोश्रींचें तसें नाहीं.

तेव्हां हिशेब आपणच करूं. तो कठीण नाहीं. सातव्या इयत्तेंतल्या नातवाकडूनही करवून घेतां येईल. ७५ किलो वजन एका सेकंदांत एक मीटर उचलण्यास जी शक्ति लागते ती एक अश्वशक्ति. गाडी भरल्यावर १० टन, म्हणजे १०,००० किलो झाली असें धरा. सपाट डांबरी रस्त्यावर चाकें फिरवण्यास वजनाच्या अदमासें शंभराव्या हिश्शाची ओढ लागते, म्हणजे १०० किलो. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जातांना बससारख्या चौकोनी पेटीला वारा जो अडवतो त्याची ओढ आणखी १३५ किलोंच्या आसपास. दोन्ही मिळून २३५. ह्यास सेकंदाच्या २२ मीटरांनीं गुणून ७५ नें भागलें कीं सुमारें ७० अश्वशक्ति येते. साकोलीहून लाखनी, भंडारा, नागपूर असा राष्ट्रीय महामार्ग ५३ धानाच्या बांध्यांतून व तळ्यांच्या कडेनें जवळ जवळ सपाटच जातो. त्यावर गाडी पळवून पाहिली तर शंभरांचें एंजिन उत्तम वाटणारच. पुढें नागपूरहून समृद्धि महामार्ग धरला तरी तोच भ्रम बराच काळ टिकेल.

आतां गुहागरास जाण्यास सह्याद्रि उतरावा लागतो, आणि मुख्य म्हणजे परत चढावा लागतो. कराडहून चिपळुणास जाणारा कुंभार्ली घाट हा त्यांचा मार्ग होईल. इंडियन रोड्स काँग्रेसनें डोंगराळ मुलुखांतील रस्त्यांस सामान्यतः विसास एक एवढा चढ ठरविला आहे. अपवाद म्हणून चौदास एकपर्यंतही जाऊं देतात. विसास एकच धरूं. दहा टनांचा विसावा हिस्सा ५०० किलो, चाकांचे १०० मिळून ६००. ताशीं ४० किलोमीटर वेग ठेवायचा तर सेकंदास ११ मीटर. म्हणजे चाकांपाशीं ८९ अश्वशक्ति हवी. सपाटीवर ऐंशीच्या वेगाला जेवढें लागलें त्याहून अधिक बळ येथें निम्म्या वेगाला लागतें. गिअर व धुरे ह्यांत दहावा हिस्सा वाटेंतच जातो. पंखा, वीज आणि गाडी थंड ठेवणारें यंत्र मिळून पंधरा-वीस अश्वशक्ति खातात. एकूण मागणी १२० वर गेली. एंजिन सतत पुरतें ताणलेलें राहूं नये म्हणून चौथाई राखीव धरली कीं आंकडा १५० होतो. आमचें मत असें कीं, माणसें नेणाऱ्या चालत्या घरास भरल्या वजनाच्या टनामागें पंधरा अश्वशक्ति असावी, बाराच्या खालीं जाऊं नये, आणि दहाच्या खालीं कोणी फुकट दिली तरी घेऊं नये.

शंभरांची बस घाट चढणारच नाहीं असें नव्हे. ती तीस किलोमीटरांनीं चढेल, पण सर्व वेळ छाती फुटेपर्यंत. रेडिएटरचा कांटा वर सरकूं लागला कीं चालक प्रथम थंड हवेचें यंत्र बंद करील, कारण तेवढीच शक्ति त्याच्या हातीं असते. मागें पत्र्याच्या पेटींत गॅसची शेगडी, आठ माणसें, आणि कॉटच्या कडेला बसलेल्या मातोश्री. पैसे वांचवले ते नेमके कोठून वांचवले, हें त्या वेळीं कळतें.

रेल्वेनें हें प्रश्न दीडशें वर्षांपूर्वीं सोडविले. बोरघाट व थळघाट येथें लोहमार्गाचा चढ सदतिसास एक, म्हणजे आपल्या रस्त्याच्या जेमतेम निम्मा. तरीही बहुतेक गाड्यांना कर्जतास आणि कसाऱ्यास मागून ढकलणारीं जादा एंजिनें लावतात. जुने बंडीवालेही घाटाच्या पायथ्याशीं जास्तीची बैलजोडी जुंपीत. मोटारीला वाटेंत जोडी मिळत नाहीं. ती घरूनच न्यावी लागते.

ह्या सगळ्या हिशेबांत एकच आंकडा आम्ही गृहीत धरला आहे, तो वजनाचा, आणि नेमका तोच घरोघरीं चुकतो. पत्रांत 'तयार घर नऊ टनांचें होईल' असा कारागिराचा अंदाज दिला आहे. त्यांत आठ माणसांचे पाचशें किलो धरले आहेत काय? ३०० लिटरांची पाण्याची टाकी म्हणजे ३०० किलो. वापरलेलें पाणी साठवण्याची टाकी वेगळी. भरलेला गॅसचा सिलिंडर तीस किलो. बॅटऱ्या, वातानुकूलनाचें यंत्र, फळ्या, कपाटें, गाद्या. शिवाय भंडाऱ्याच्या घरांतून निघायचें म्हटल्यावर पितळी भांडीं निघणारच. वन्सं व जाऊबाई ह्यांनीं मिळून ठरविलेल्या भांड्यांच्या यादीवर कोणा पुरुषाची कातर चालल्याचें आम्हीं तरी पाहिलेलें नाहीं. आमचा सल्ला असा कीं, बस घेण्यापूर्वीं ती रिकामी एकदां वजनकांट्यावर घालावी. भातगिरण्यांच्या ह्या जिल्ह्यांत कांट्याची वाण नाहीं. त्यांत वरील सर्व मिळवावें आणि आलेल्या बेरजेवर आणखी एक दशांश चढवावा. नऊचे अकरा टन झाले तर शंभरांच्या एंजिनाची टनामागें जेमतेम नऊच उरते. एकशें साठांची साडेचौदा राहते.

अश्वशक्तीबरोबर एंजिनाचा पीळ, ज्याला कारागीर टॉर्क म्हणतात, तोही विचारावा. घोडा पळतो, बैल ओढतो. चढावर बैलाचा गुण हवा. टर्बो बसविलेलें डिझेल एंजिन मिनिटास बाराशें ते सोळाशें फेऱ्यांतच पुरा पीळ देऊं लागलें तर चालकास दर वळणावर गिअर बदलावा लागत नाहीं, आणि मागच्या माणसांना हिसके बसत नाहींत. उंचीवर हवा विरळ होते, तेथें साधें एंजिन हजार मीटरांमागें सुमारें दहावा हिस्सा बळ गमावतें. टर्बोचें नुकसान बरेंच कमी. गिअरांविषयीं शंका असेल तर लांब जाण्याचें कारण नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत गडेगांव येथें १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे व तेथें गिअरबॉक्स तयार होतात. त्या कारखान्यांत आयुष्य घालविलेला एखादा निवृत्त माणूस गांवांत सहज सांपडेल. त्यास बरोबर नेऊन बसचा पहिला व दुसरा गिअर दाखवावा.

चढण्याचें झालें. उतरण्याचें काय? दहा टनांची गाडी ५०० मीटर खालीं आली कीं तिच्या वजनांतून जी उष्णता निघते तिच्यावर दीडशें लिटर थंड पाणी उकळेल. न्हाणीघरांतील पांच-सहा बंब म्हणाना. ही सगळी उष्णता केवळ पायाच्या ब्रेकवर सोडली तर ब्रेक तापून निकामी होतात, आणि असें झालेली गाडी कोठें थांबेल हें चालकाच्या हातीं राहत नाहीं. म्हणून मोठ्या एंजिनाचा दुसरा उपयोग उतारावर आहे: खालच्या गिअरमध्यें तें गाडीस मागें ओढून धरतें. धूर बाहेर जाण्याची वाट अडवून हें काम अधिक जोरानें करणारा एक्झॉस्ट ब्रेक असतो. तो नसलेली बस, मग ती कितीही अश्वशक्तीची असो, आम्ही ह्या यात्रेस सुचविणार नाहीं. मातोश्रींनीं आडवें व्हायचें तें गाडी रस्त्याकडेला थांबवून. चालत्या गाडींत, विशेषतः उतारावर, प्रत्येकानें आपल्या जागीं पट्टा लावून बसलेलें बरें.

धाकट्या बंधूंस एवढेंच सांगणें कीं, दोनशेच्या वरचें एंजिन स्वतःच जड असतें, त्याचा सांगाडा लांब असतो, आणि त्याची दुरुस्ती साकोलीस होईलच असें नाहीं. घाटांतील वळणावर लांब बस एका फेऱ्यांत वळत नाहीं, तेथें अश्वशक्ति कांहींच कामाची नाहीं. त्यांनीं उरलेले पैसे नव्या टायरांत व ब्रेकांत घालावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें नोंदलेल्या गाडीच्या रचनेंत परवानगीशिवाय फेरफार करतां येत नाहीं, हेंही कारागिरानें करवत हातीं घेण्यापूर्वीं पाहावें. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं चालत्या घरांच्या पर्यटनासाठीं धोरण केलें असल्यानें परिवहन कार्यालयांत हा विषय आतां अगदींच अपरिचित नाहीं.

सौदा पुरा करण्यापूर्वीं एक दिवस खर्च करावा. बसमध्यें धानाचीं पोतीं घालून कांट्यावर तिचें वजन तयार घराएवढें करावें आणि नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्यानें सौंसरच्या पुढें सातपुड्याची चढण लागते तेथवर न्यावी. दिवस उन्हाचा असावा, थंड हवेचें यंत्र चालू असावें. ऐन चढावर गाडी थांबवावी, हातब्रेक लावावा, पांच मिनिटें जाऊं द्यावीं, आणि मग चालकास ती मागें न घसरतां व क्लचचा वास न येतां पुढें काढावयास सांगावें. कर्त्या गृहस्थांनीं त्या वेळीं पुढें न बसतां मातोश्रींची कॉट जेथें येणार आहे तेथें, पोत्यांत, बसावें.