फुटली की फोडली? महामार्गावरच्या भीतीचा छोटा इतिहास

१/ #इतिहास #थ्रेड
मे महिन्यातली दुपार. नागपूरहून वर्ध्याकडे येताना, सेलू ओलांडल्यावर, आमच्या मोठ्या काकांच्या गाडीची मागची काच बंदूक सुटावी तशा आवाजाने फुटली. शेजारून एक ट्रक गेला होता. बाकी रस्त्यावर कोणी नव्हते. पवनारला घरी पोहोचेपर्यंत काकांच्या बोलण्यातले क्रियापद बदलले होते. 'काच फुटली' असे ते निघताना फोनवर म्हणाले होते. अंगणात उतरताना म्हणाले, 'कोणीतरी काच फोडली.'

२/ रात्री गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश फिरू लागला. महामार्गावर टोळी आली आहे, छऱ्यांच्या बंदुकीने काचा फोडते, गाडी थांबली की लुटते. मध्यरात्रीपर्यंत एका गाडीच्या दोन झाल्या, पहाटे पाच. पाठोपाठ एक छायाचित्र आले : धाम नदीच्या पुलाजवळ पाल ठोकून राहिलेली चार-पाच कुटुंबे. खाली एवढेच लिहिलेले की, 'हे कोण आहेत?' तो संदेश मी स्वतः तीन ग्रुपवर पुढे पाठवला. साधनचिकित्सेचा पेपर देऊन मला तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

३/ आज लिहायचे आहे ते या 'फुटली' आणि 'फोडली' यांमधल्या अंतराविषयी. मराठीने या दोन क्रियांना दोन स्वतंत्र रूपे दिली आहेत. पहिलीला कर्ता लागत नाही. दुसरीला कर्ता लागतो, आणि तो सापडला नाही तर आपण तो नेमतो. कोणाची नेमणूक होते, याचा इतिहास रस्त्यांच्या इतिहासाइतकाच जुना आहे, असे माझे मत आहे.

४/ आधी काचेविषयी थोडे. गाडीची पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा दाबून बनवलेली असते. तिच्यावर काही आदळले तर तडा जातो, भोक पडते, पण ती जागेवर राहते आणि खूण शिल्लक ठेवते. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुधा तापवून झटकन थंड केलेल्या असतात. त्यांचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. कडेला पडलेला बारीकसा टवका त्या ताणापर्यंत पोहोचला की सबंध काच क्षणात साबुदाण्यासारखी दाणेदार होऊन कोसळते, आणि आवाज होतो तो बार उडाल्यासारखा. ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा पुरतो. जुना टवका आणि वर्ध्याचे मे महिन्यातले ऊनही पुरू शकते. गंमत अशी की अशा काचेला गोळी लागली तरी ती तशीच कोसळते. म्हणजे कारण कोणतेही असो, पुरावा स्वतःच स्वतःला पुसून टाकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे दुःख ओळखीचे आहे.

५/ आता पवनारपासून फार दूर नसलेल्या रस्त्याकडे. समृद्धी महामार्ग आमच्या वर्धा जिल्ह्यातून जातो. येळाकेळीच्या इंटरचेंजवरून आम्ही त्यावर चढतो. याच महामार्गावर, पण पार तिकडे दौलताबादच्या बाजूला, सप्टेंबर २०२५ मध्ये एका रात्री काही गाड्यांचे टायर पाठोपाठ पंक्चर झाले. चालकांनी उतरून पाहिले तर रस्त्यात ओळीने धातूचे चकाकते खिळे रोवलेले. चित्रफीत राज्यभर पसरली : दरोडेखोरांनी समृद्धीवर खिळे ठोकले!

६/ रस्ते विकास महामंडळाचा खुलासा आला तो असा. रस्त्याच्या काँक्रीटला बारीक भेगा पडल्या होत्या. त्यांत इपॉक्सी भरण्यासाठी ॲल्युमिनियमची छोटी नोझल रोवली होती. दुरुस्तीचे काम होते, दरोडा नव्हता. मात्र चालकांना मी मूर्ख म्हणणार नाही. रात्री वेगाने जाताना चाकाखाली टोकदार धातू येतो, आणि समोर त्याची पुरेशी सूचना नाही. अशा वेळी माणूस दुसरे काय समजणार? पंक्चर खरे होते, धोका खरा होता, निष्काळजीपणाही खरा होता. खोटा होता तो केवळ दरोडेखोर. आणि नेमका तोच आपल्याला सर्वांत आधी दिसला.

७/ या प्रकाराचा अभिजात नमुना अमेरिकेतला आहे. मार्च १९५४ च्या अखेरीस वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम या गावी गाड्यांच्या पुढच्या काचांवर बारीक खड्डे दिसू लागले. पोलिसांचा पहिला संशय छऱ्यांच्या बंदुका घेऊन फिरणाऱ्या पोरांवर. (आमच्या ग्रुपवरही नेमके हेच हत्यार यावे!) एप्रिलच्या मध्यावर ही साथ सिएटलला पोहोचली आणि पाहता पाहता सुमारे ३,००० काचांच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. महापौरांनी राज्याच्या गव्हर्नरकडे आणि थेट राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्याकडे मदत मागितली. पोरांवरचा संशय एव्हाना मागे पडला होता. बिकिनी बेटावर १ मार्चला झालेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख उडून येते आहे, अशी बोलवा होती.

८/ तपासाअंती जे समजले ते फार साधे होते. ते खड्डे पूर्वीपासूनच तिथे होते. रस्त्यावरची वाळू, खडी आणि वर्षानुवर्षांचा वापर यांनी पडलेले. जुन्या गाड्यांवर अधिक, नव्यांवर कमी. लोक आजवर काचेतून पाहत आले होते. बातमी वाचल्यावर ते काचेकडे पाहू लागले, एवढाच फरक. काही दिवसांत तक्रारी थांबल्या. सिएटलकर सुदैवी म्हणायचे, कारण त्यांचा कर्ता राखेच्या रूपाने आकाशात होता. आकाशाला मारहाण करता येत नाही.

९/ 'पण खरोखर गोळीबार होतच नाही काय?' होतो. २०१५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ॲरिझोनातील फिनिक्स शहराच्या महामार्गांवर ११ गाड्यांवर गोळ्या किंवा तशाच वस्तू येऊन आदळल्या. तिथे बोवाळ नव्हती. एका तरुणाला अटक झाली, आणि गुन्हेगार सापडल्याचे राज्याच्या गव्हर्नरांनी त्याच संध्याकाळी समाजमाध्यमावर जाहीर करून टाकले. त्या तरुणाने सुमारे सात महिने तुरुंगात काढले. मग गोळ्या त्याच्याच पिस्तुलातल्या आहेत हे तज्ज्ञांसमोर टिकेना, आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याच्यावरचे आरोप मागे घेतले गेले. म्हणजे काच खरोखर 'फोडलेली' असली, तरी कर्ता नेमण्याची घाई तीच.

१०/ आता आपल्या मुलखाकडे, कारण हीच घाई आपल्याकडे कायद्याच्या रूपाने आली. १८१७-१८ च्या युद्धानंतर मराठी राज्ये खालसा किंवा मांडलिक झाली, पेंढारी मोडले गेले, आणि मध्य भारतात हत्यार चालवण्याखेरीज दुसरे काही न येणारी माणसे हजारोंनी रिकामी झाली. रस्त्यांवर प्रवासी बेपत्ता होत होते. नर्मदाकाठच्या जबलपूर-नरसिंहपूर भागात विल्यम स्लीमन हा इंग्रज अधिकारी होता. ठगांचा कर्दनकाळ म्हणून तुम्ही त्याला ओळखता. त्याने प्रेते उकरून काढली. खून खरे होते, याविषयी मला शंका नाही. नागपूरहून उत्तरेकडे जाणारा वाटसरू घरी परत न येणे ही तेव्हा अशक्य कोटीतली गोष्ट नव्हती.

११/ परंतु खून खरे असणे वेगळे, आणि 'सबंध हिंदुस्थानभर पसरलेला, देवीच्या आज्ञेने गळे आवळणारा, पिढीजात खुनी पंथ' खरा असणे वेगळे. हे चित्र मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबाबांवर उभे आहे. ज्यांना फाशी टाळण्यासाठी बोलत राहणे भाग होते, अशा माणसांच्या. १८३० मध्ये पकडलेला फिरंगिया हा त्यांतला प्रसिद्ध साक्षीदार. यूट्यूबवर 'बेहराम ठगाचे ९३१ खून' ऐकताना तो आकडाही अशाच जबाबांच्या वाटेने आला आहे, हे ध्यानात असू द्या. स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मध्येच हे दाखवू पाहिले की माळव्यातल्या या टोळ्या स्थानिक सत्ता, महसूल आणि बेकारी यांच्याशी बांधलेल्या होत्या. त्यानंतर किम वॅग्नर यांच्यासारख्या अभ्यासकांनी यावर पुष्कळ लिहिले. खुनांना कोणी नाकारत नाही. वाद आहे तो त्यांच्या कर्त्याविषयी.

१२/ आणि मग आला १८३६ चा ३० वा कायदा. त्याचे सार सांगतो. एखादा माणूस ठगांच्या टोळीत कधीही, अगदी कायदा होण्यापूर्वीही, होता एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप. त्याने अमुक ठिकाणी, अमुक दिवशी, अमुक माणसाला मारले हे दाखवण्याची गरज नाही. हे वाक्य कृपया पुन्हा वाचा. कर्ता आधी, क्रिया नंतर; आणि क्रिया नाही सापडली तरी चालेल.

१३/ १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टने आणखी एक पायरी गाठली. टोळीचेही कारण उरले नाही. जन्म पुरेसा झाला. ठराविक जमातींची नावे नोंदवायची, हजेरी लावायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडू द्यायची नाही. हा कायदा आधी उत्तरेत लागू झाला, पुढे १९११ आणि १९२४ मध्ये नव्याने घडवून देशभर पसरला. तारेच्या कुंपणातली सोलापूरची सेटलमेंट ही त्याचीच महाराष्ट्रातली खूण. ज्यांचा सारा व्यवसायच रस्त्यावरचा होता, मीठ-धान्य वाहणारे, जडीबुटी विकणारे, खेळ करणारे, त्यांना रस्त्यावर दिसणे हाच संशय झाला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला आणि 'विमुक्त' हा शब्द आला. कागदावरून.

१४/ १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा रविवार. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवरून आधीच पोहोचली होती. मंगळवेढ्याकडून आलेल्या, भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. पुढे १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे अशाच चोरांच्या अफवेतून गाडी अडवून दोन साधू आणि त्यांचा चालक यांना मारण्यात आले. तिथे गाडीच्या काचा खरोखर फोडल्या गेल्या होत्या, आणि त्या फोडणारे स्वतःला गावाचे राखणदार समजत होते.

१५/ पवनारचा म्हणून एक संदर्भ दिल्याशिवाय राहवत नाही. मे १९६० मध्ये विनोबा चंबळच्या खोऱ्यात पायी गेले आणि सुमारे २० डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. मध्य प्रदेशचे तेव्हाचे पोलीस प्रमुख रुस्तमजी यांना हा प्रकार पसंत नव्हता. डाकूंचे उदात्तीकरण होते, हा त्यांचा आक्षेप मला पुष्कळसा पटतो. माझा मुद्दा मात्र निराळा आहे. त्या डाकूंना नावे होती, गावे होती, त्यांच्यावर खटले होते. अमुक खून कोणी केला याची नोंद होती. म्हणूनच त्यांना भेटता आले, शरण आणता आले, शिक्षाही करता आली. आमच्या ग्रुपवरच्या टोळीला नाव नव्हते, आणि नाव नसलेल्या टोळीशी पोलीसही बोलू शकत नाहीत, विनोबाही नाही.

१६/ थोडे विषयांतर. पवनारकर म्हणून आम्हाला घाईच्या ओळखीची सवय आहे. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे आमचे पवनार, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. १९६७ मध्ये इथे उत्खननही झाले. पुढे रामटेकजवळ मनसरला जे सापडले त्यावरून काही संशोधक प्रवरपूर तिकडे नेतात. गावात हे बोललेले कोणाला आवडत नाही. मलाही आवडत नाही! तरी दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजधानीविषयी आम्ही 'बहुधा' म्हणायला शिकलो आहोत. कालच्या काचेविषयी मात्र तो शब्द आम्हाला सुचला नाही.

१७/ 'मग काय, सावधही राहू नये?' असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर : सावध जरूर राहा. काच फुटली तर गाडी हळू बाजूला घ्या, दिवे लावा, ११२ वर फोन करा, वेळ आणि किलोमीटरचा दगड लिहून ठेवा, आत खडा किंवा छरा दिसतो का ते पाहा. तक्रार नोंदवा. पाच तक्रारी एकाच ठिकाणच्या निघाल्या तर तो पुरावा आहे, आणि त्या दिवशी मी 'फोडली' म्हणेन. पोलिसांनी आणि रस्ते सांभाळणाऱ्यांनीही अशा वेळी दुसऱ्या दिवशी नव्हे, त्याच रात्री बोलायला हवे. खुलासा उशिरा पोहोचतो तेव्हा तो चित्रफितीच्या मागे धावत असतो आणि सहसा तिला गाठत नाही.

१८/ काकांच्या गाडीचे काय? वर्ध्याला नवी काच बसवणाऱ्या कारागिराने मागच्या आसनावरचे दाणे झाडले. आत दगड नव्हता, छरा नव्हता. खालच्या कडेला चौकटीत अडकून राहिलेला एक तुकडा त्याने दाखवला. त्याला जुना टवका होता. 'हे बहुतेक आधीचं असावं, भाऊ,' तो म्हणाला. बहुतेक. काकांना अजून ते मान्य नाही. आणि त्या पाच गाड्यांपैकी एकीचाही मालक मला आजवर भेटलेला नाही.

१९/ पुलाजवळची पाले तिसऱ्या दिवशी उठली. रात्री गावातली काही पोरे तिथे 'नुसती विचारपूस करायला' गेली होती, असे मागाहून कानावर आले. मारहाण झाली नाही, असे सगळे सांगतात. सकाळी तिथे तीन दगडांच्या चुली आणि राख होती. ती माणसे कुठे गेली ते गावात कोणी विचारले नाही, मीही नाही. संदेश मी माझ्या बाजूने पुसला, पण तीन ग्रुपवरून तो पुढे गेलाच होता. गेल्या आठवड्यात तोच यवतमाळहून माझ्याकडे परत आला, छायाचित्रासकट. आता त्यात गाड्या अकरा आहेत.

२०/ पुढचा थ्रेड सोलापूरच्या सेटलमेंटवर लिहितो आहे. तुमच्या घरात कोणी तिथले हजेरीचे दिवस पाहिले असतील, आठवणी ऐकल्या असतील, तर जरूर कळवा. नावे प्रसिद्ध करणार नाही.