कलेचा तास कलेलाच द्या

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात, म्हणून परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास अचानक महत्त्वाचा होतो. पण वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे विषय मुळात नजर घडवण्यासाठी आहेत. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलांना लांब जायला नको. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची भिंत कोनाकोनांतून वळत जाते आणि प्रत्येक वळणावर सावली बदलते. ती कागदावर उतरवताना भूमिती, प्रमाण आणि छायाप्रकाश एकदमच उमगतात. मुख्याध्यापकांना कळकळीची विनंती : हा तास गणित-विज्ञानाच्या जादा तासिकेला देऊ नका. कलाशिक्षकांनीही मुलांना वर्गाबाहेर न्यावे. या अंकाचा आग्रह तोच आहे.

– संपादक