ड्रेनेजचा पाईप अर्धवट बदलू नका

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची मी खजिनदार आहे. येत्या सभेत माझा एकच आग्रह असेल: ड्रेनेजचा पाईप बदलायचा तर खालच्या चेंबरपासून गच्चीपर्यंत सगळा बदला.

आमच्यासारख्या जुन्या इमारतींना बिडाचे पाईप आहेत. बीड बाहेरून धडधाकट दिसते, पण आत गंजाचे थर चढत जातात आणि चार इंचांची वाट अरुंद होते. सांध्यांत सुतळी ठासून वर शिसे ओतलेले असते. तिथे भेग पडली की ओल येते, ओलीवर पिंपळ उगवतो आणि त्याची मुळे सांधा आणखी उकलतात. मग गळतो तेवढा तुकडा कापतात, तिथे पीव्हीसी घालतात आणि बीड व प्लास्टिकच्या मधे सिमेंट थापतात. मला संताप येतो तो या सिमेंटचा. तापमान तीस अंशांनी चढले तर तीन मीटरचा प्लास्टिकचा पाईप पाच-सहा मिलिमीटर वाढतो. सिमेंट जागचे हलत नाही, सांध्याला तडा जातो आणि मैल्याचे पाणी तळमजल्याच्या भिंतीत मुरते. शिवाय वरच्या बिडाचे खिळे गंजलेले असले, तर त्याचे सगळे वजन खालच्या प्लास्टिकवर येते. हे सरळसरळ धोक्याचे आहे.

आमच्या तळमजल्यावरच्या काकू ओट्यामागची भिंत पुन्हा पुन्हा रंगवून घेतात, आणि पावसाळा आला की बुरशी परत येते. त्यांना ‘तुमच्या घरातली गळती, तुम्हीच बघा’ असे सांगणे अन्यायाचे आहे. सामायिक ड्रेनेज लाइनची दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची, हे आदर्श उपविधींतच आहे.

प्लास्टिकला माझा विरोध नाही. ते गंजत नाही, हलके असते, आतून गुळगुळीत असते. फक्त योग्य ते हवे. पाईपावर आयएस १३५९२ आणि ‘टाइप बी’ छापलेले आहे का, ते कमिटीने स्वतः वाचावे. ‘टाइप ए’ पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाईपासाठी असतो. त्याची भिंत पातळ असते. स्वस्त कोटेशनमध्ये हाच फरक दडलेला असू शकतो. रबर रिंगच्या सांध्यात पाईप पूर्ण आत सारून सुमारे दहा मिलिमीटर मागे ओढावा, म्हणजे त्याला वाढायला जागा राहते. क्लॅम्प भक्कम हवेत. वळणावर सफाईचे दार हवे. जमिनीलगतच्या आडव्या चार इंची पाईपाला दहा फुटांत तीन इंच ढाळ हवा.

आणि गच्चीवरचे हवेचे तोंड कुणी बुजवू नये. ते बंद असले की वरच्या मजल्यावरचा फ्लश खालच्या नहाणी ट्रॅपमधले पाणी ओढून नेतो आणि गटाराचा वास घरात शिरतो. वास आला की लोक फिनेल ओततात, वर गच्चीत जाऊन कुणी पाहत नाही.

यंदा बाहेरचा रंग काढण्याचा प्रस्ताव आहे. तो वर्षभर थांबू शकतो. दुरुस्ती निधीतला पैसा आधी पाईपांना द्यावा. मे महिन्यात बरीच कुटुंबे गावी जातात, तेव्हा एकेक डक्ट हाती घेता येईल. प्रत्येक डक्टमध्ये वरून खालपर्यंत पाणी सोडून सगळे सांधे कोरडे राहतात का ते कमिटीने बघावे, आणि मगच फोडलेल्या भिंतीला प्लास्टर करू द्यावे.