मुलींनाही चेंडू द्या



ब्राझील देशात फोर्मिगा नावाची फुटबॉल खेळाडू आहे. फोर्मिगा म्हणजे मुंगी. ती मधल्या फळीत खेळायची. मधल्या फळीचे काम मुंगीसारखेच. धावून चेंडू अडवायचा आणि पुढच्या खेळाडूला नेऊन द्यायचा. गोल दुसरीच करते, टाळ्याही तिलाच.

तिचा जन्म १९७८ सालचा. तेव्हा तिथे बायकांना फुटबॉल खेळायला कायद्याने बंदी होती. ती १९७९ साली उठली. लहानपणी खेळली म्हणून भाऊ तिला मारायचे. तरी ती थांबली नाही. १९९५ ते २०१९ पर्यंत ती सात विश्वचषक खेळली. सात ऑलिंपिकही खेळली. देशासाठी शेवटचा सामना २०२१ साली आपल्या भारताच्या संघाशीच खेळली. तेव्हा ती ४३ वर्षांची होती.

लोक म्हणतात, पोरीच्या जातीला चेंडू कशाला? मला हे पटत नाही. वारुळातल्या कामकरी मुंग्या सगळ्या माद्याच असतात. म्हणून खेळाच्या तासाला आम्हालाही चेंडू द्यावा. आणि घरच्यांनी शाळा सुटल्यावर अर्धा तास खेळू द्यावं. पाणी मग भरतोच की आम्ही!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी